बाकड्यावरची ओळ

भामाबाई: पोथी अशी वाचत्यात व्हय गं साळे? पाय पसरून, पावट्याच्या शेंगा सोलत?

साळूबाई: हात शेंगात हायेत आक्का, डोळं पोथीत. दोन्ही कामं हुत्यात.

भामाबाई: सासूबाई श्रावणात पोथी लावायच्या तर आंघूळ करून, ओल्या केसांनी पाटावर बसायच्या. पानाला बोट लावायच्या आदी दोनदा हात धुवायच्या. तुझ्या पोथीवर टरफलं पडल्यात बघ. तुझ्या त्या देवाला राग येत न्हाई?

साळूबाई: ह्यातला देव, येशू, मासं धरणाऱ्यांच्या पंगतीला बसायचा. ह्यास्नी हात न धुता जेवू का देतोस, म्हून मोठी मोठी शास्तरी माणसं त्याला बोलली. तर त्यानं त्यास्नीच सुनावलं.

भामाबाई: म्हून तूबी न धुता बसलीस. बरं, फळ काय लिवलंय? आपल्या पोथीत शेवटाला फळ लिवल्यालं असतं. आजाऱ्याला आराम पडंल, निपुत्रिकाला... ते जाऊ दे. ह्यात वाचणाऱ्याला काय मिळतं?

साळूबाई: तसं फळ काय लिवलेलं न्हाई.

भामाबाई: मंग येवढी जाड कशापायी केलीय? आन गाव काय म्हणतंय ते ठावं हाय न्हवं? हनुमंत पारावर बसून सांगत व्हता, हैबतीची धाकली बायकू बाटली.

साळूबाई: हनुमंताला म्हणावं, देवळातला दिवा सांच्याला म्याच लावते. त्यो पारावर बसतो, देवळात कवा दिसत न्हाई. म्या पोथी वाचते, आक्का. वाचू नगं असं कुणी लिवलंय का?

भामाबाई: लिवाय कशाला पायजे, म्या सांगितलं की झालं. ह्या घरात लिवल्यालं काय नसतं, म्या म्हणीन ते असतं. ठेव ती बाजूला आन माझं ऐक. धनाजी सारोळ्याला गेलाय, पाटीवाल्याकडं.

साळूबाई: व्हय, बोलला मला जाताना.

भामाबाई: परवा मालकांचं वर्षसराद. त्याच दिशी एसटीच्या थांब्यावर बाकडं बसवायचं त्यांच्या नावाचं. पाटीवर नाव कोरून झालंय. खाली एक ओळ मोकळी हाय. धनाजीचा फोन यील, तवा म्या सांगीन ती ओळ कोरायची.

साळूबाई: कोणची ओळ?

भामाबाई: ‘माझ्या भामाला सांभाळा.’ मालकांचे शेवटचे शब्द. त्या मानसिंगच्या बाकड्यावर नुसतं नाव आन खाली मोबाईलचा नंबर, जसा काय त्याचा बाप सरगातनं फोन उचलणार हाय. आपल्या बाकड्यावर शब्द पायजे. पुण्याला जाणारं माणूस गाडी यीस्तवर वाचीत बसलं पायजे.

साळूबाई: धनी असं म्हणालं, हे कुणी ऐकलं?

भामाबाई: समद्या गावाला ठावं हाय.

साळूबाई: गाव दवाखान्यात न्हवतं.

भामाबाई: आलीस का तिथंच? दवाखान्यात तू व्हतीस. तूच एकली व्हतीस. वर्ष झालं म्या त्योच घास गिळतीया, त्यो काय खाली उतरत न्हाई. टेम्पो दारात हुबा, मालक घामानं निथळत्यात आन म्हणत्यात थंडी वाजती. म्या घोंगडं आणाय आत गेले. फळीवरनं काढलं, झटकलं, भाईर यऊन बघते तर नुसता धुरळा. तू चढून बसलीवतीस.

साळूबाई: गेनू टेम्पो चालू करून म्हणाला, कुणीबी एक बाई चढा, थांबाय येळ न्हाई. धनाजी शिरवळला कामावर. म्या दारात व्हते, म्या चढले.

भामाबाई: आन ती एक बाई तूच. तुझं पयल्यापासनं तसंच हाय. मोकळी जागा दिसली की साळू बसली.

साळूबाई: ह्या घरात बसाय म्या माझ्या पायानं आले न्हाई आक्का. माझ्या माहेरी आंबवण्याला मला बघाय तुमीच आलावता. धनी तर वर मान करून बघतबी न्हवतं.

भामाबाई: व्हय, म्याच आणली. माझी कूस उजवंना म्हून म्याच सवत आणली. इस्तव आपल्या हातानं पदरात बांधला आन वरनं लोकांना सांगितलं, ऊब लागती.

साळूबाई: त्याची धग मलाबी लागलीया. धनाजी माझ्या पोटचा, आई म्हणतो तुमाला. मला आजून साळू म्हणतो. सुनंनं काय केलं तर पयला घास तुमाला चाखवती. म्या कवा काय बोलले का?

भामाबाई: बोलायला तोंड कुठं रिकामं असतंय तुझं? सारखं त्या पोथीत. मला सांग, त्यो तुझा येशू मरताना काय म्हणाला?

साळूबाई: त्याची गोष्ट चौघांनी सांगितलीया. दोघं म्हणत्यात, देवा, मला का टाकलंस, असा वरडला. एक म्हणतो, त्यानं आपला जीव बापाच्या हवाली केला. एक म्हणतो, झालं, पुरं झालं, येवढंच म्हणाला आन मान टाकली.

भामाबाई: घ्या. मरणारा एक आन शब्द तीन तऱ्हेचं. ते समदं छापून पोथीत बसलं आन लोक पाया पडत्यात. मंग माझी एक ओळ पाटीवर बसली तर तुझ्या पोटात का दुखावं? सवता त्यो काय लिवून गेला न्हाई?

साळूबाई: न्हाई. एकदा बोटानं मातीत काय तरी लिवलं. काय लिवलं ते कुणाला ठावं न्हाई.

भामाबाई: मातीत तर म्याबी लिवलंय. दुसरीपतोर धुळाक्षरंच गिरवत व्हतो आमी. आता ती शाळा धरणाखाली गेली, माझी अक्षरंबी मासं वाचत असतील. बरं, मंग ह्या चौघांनी कवा लिवलं?

साळूबाई: त्यो गेल्यावर लई वर्सांनी. आदी नुसतं तोंडानं सांगायचं. बघितलेली माणसं म्हातारी व्हाय लागली, एकेक जाय लागली, तवा लिवून ठेवलं. सोनिया सांगत व्हती.

भामाबाई: सोनिया म्हंजे ती शेजारच्या खाटंवरल्या म्हातारीची लेक? तुला पोथी दिली ती?

साळूबाई: तीच. आईला वाचून दाखवायची, मलाबी ऐकू यायचं. धनी गेल्यावर धनाजी यीस्तवर ती माझा हात धरून बसली.

भामाबाई: आन ह्या चौघांचंच का धरलं? बाकी कुणी लिवलं न्हाई? पंच कोण बसलं व्हतं?

साळूबाई: लिवलं की लई जणांनी. जागोजागची मंडळी जमून वाचायची. बघणाऱ्यांपासनं आलंय असं ज्याचं त्यास्नी पटलं ते ठेवलं, बाकीचं मागं पडलं. त्यातबी पिढ्या गेल्या म्हणं. भांडणं झाली. चौघांचं जुळत न्हाई तर मिळून एकच गोष्ट करावी, असंबी एकानं करून बघितलं. पर शेवटाला चारीबी तशीच ऱ्हायली.

भामाबाई: भांडणं झाली म्हंजे घरचीच माणसं दिसत्यात. पर मला पटत न्हाई साळे. सांगणारा आपल्या सोयीचंच सांगतो. म्या सांगत न्हाई का?

साळूबाई: मलाबी आदी तसंच वाटलं. मंग त्या पेत्राची गोष्ट वाचली. त्याचा सगळ्यात जवळचा माणूस. येशूला धरून नेलं तवा ह्यो अंगणात शेकत बसलावता. एका मोलकरणीनं इचारलं, तूबी त्याच्यातलाच न्हवं का? तर म्हणतो, म्या वळखत न्हाई. असं तीनदा. मंग कोंबडा आरवला आन त्यो भाईर जाऊन रडला.

भामाबाई: मोलकरणीला भ्याला. बाप्या तो.

साळूबाई: पुढं त्योच समद्यांचा म्होरक्या झाला. म्होरक्याची लाज लिवणाऱ्यांना गाळता आली असती. चौघांनीबी ठेवलीया. तवा माझ्या मनानं घेतलं, ह्यांनी सोयीचं लिवलेलं न्हाई. सवताच्या घरची लाज फुकट कोण लिवून ठेवील?

भामाबाई: हं.

साळूबाई: आन तिसऱ्या दिशी थडग्याकडं पयल्या बायाच गेल्या. तिथं त्यो न्हाई, उठला, असं त्यांनी यऊन सांगितलं. तर बाप्यांना वाटलं, बाया चावळत्यात.

भामाबाई: हे मातर खरंच घडलं असंल.

साळूबाई: त्या चौघांत एकजण वैद्य व्हता म्हणं. त्यो सुरवातीलाच सांगतो, ज्यांनी डोळ्यांनी बघितलं त्यांच्याकडनं समदं नीट शोधून म्या लिवतोय.

भामाबाई: मंग मला कशाला सांगतीस?

साळूबाई: तुमी मला इचारलं न्हाई, आक्का.

भामाबाई: काय इचारायचं?

साळूबाई: धनी काय म्हणालं ते. वर्ष झालं. धनाजीनं इचारलं, लई तरास झाला का? म्या म्हणलं, न्हाई. भावकीनं इचारलं, जमिनीचं काय बोलला का? म्या म्हणलं, न्हाई. तुमी तर तोंडच फिरवलं. आन दहाव्याला माझ्या म्होरं बायांना सांगितलंत, मालक माझं नाव घेऊन गेलं.

भामाबाई: मंग तवाच का न्हाई बोललीस, की खोटं हाय म्हून?

साळूबाई: चार बायांत तुमचं नाक कापू?

(भामाबाईच्या मांडीवरचा मोबाईल वाजतो.)

भामाबाई: हां, बोल धनाजी. ...व्हय, सांगते ओळ. ...सांगते म्हणलं न्हवं. ...जरा दम धर. पाटीवाल्याला म्हणावं, च्या घे. म्या करते फोन.

साळूबाई: सांगायची व्हती की. ओळ तर पाठ हाय तुमाला.

भामाबाई: लई शानी झालीस. बघ, हे घोंगडं बघ, म्या बसलीया ते. तेच हाय. वर्षभर फळीवर ठेवलं न्हाई म्या. इचारते तुला. झालं समाधान? भामानं साळूला इचारलं. काय म्हणालं मालक?

साळूबाई: पोटात खड्डा पडंल असं काय न्हाई.

भामाबाई: माझ्या पोटाचं म्या बघीन.

साळूबाई: पहाटंचं डोळं उघडलं. दाराकडं बघत व्हतं. म्या पाणी लावलं व्हटाला, ते न्हाई घेतलं. म्हणालं, घोंगडं आणाय गेल्ती, ती आली का? म्या म्हणलं, हाय की म्या हितं. हात धरला त्यांचा.

भामाबाई: मंग?

साळूबाई: माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं, वळखलं मला. म्हणालं, तू न्हवं. आन हात काढून घेतला. परत दाराकडं बघाय लागलं. मंग काय बोलले न्हाईत.

भामाबाई: खोटं बोलतीस.

साळूबाई: बरं.

भामाबाई: माझं मन राखाय बोलतीस. म्हातारी झाली, गुडघं गेलं, घाला तिच्या पदरात काय तरी.

साळूबाई: तुमचं मन राखायचं असतं तर तुमचीच ओळ खरी हाय म्हणलं असतं. त्यात माझं काय जात व्हतं? चाळीस-पंचेचाळीस वर्सं त्या माणसाच्या भाकरी केल्या म्या. त्याला लेक दिला. शेवटाला म्या एकली जवळ, आन म्हणतो, तू न्हवं. हे म्या बनवून सांगीन व्हय?

भामाबाई: ...घोंगडं म्हणालं? घोंगडंच म्हणालं?

साळूबाई: घोंगडंच.

भामाबाई: फळी उंच व्हती गं. पाट घ्यावा लागला. न्हाईतर आलेच व्हते म्या.

साळूबाई: ठावं हाय.

भामाबाई: हे आणिक कुणाला बोललीस?

साळूबाई: कुणी इचारलं तर बोलणार ना.

भामाबाई: थांब. ...धनाजी? ऐक. ती ओळ नगं. ...कुठलीच नगं. नुसतं नाव ऱ्हाऊ दे. ...न्हाई, फुलं नगं, ओम नगं, मोकळी म्हंजे मोकळी. ...अरं, लोक बूड टेकत्यात त्याच्यावर. तिथं लिवायचं न्हवं ते. ...ते म्हंजे काय? तुला काय करायचंय? ...आन येताना पाव आण, साळूला च्यासंगं लागतो. ठेव.

साळूबाई: पावाचं कुणी सांगितलं व्हतं?

भामाबाई: गप बस. ते शेंगाचं सूप हिकडं दे, तुझं आर्धं पावटं टरफलात चाललंय. नजर पोथीत आन हात वाऱ्यावर. ...साळे.

साळूबाई: आं?

भामाबाई: परत सांग. पहाटंपासनं सांग, डोळं उघडलं तितनं. आन ते ‘तू न्हवं’ तेवढं गाळ. सारखं सारखं कशाला बोलायचं तुझ्या तोंडानं?

साळूबाई: गाळायचं न्हाई, आक्का. ते गाळलं तर तुमचं घोंगडंबी खोटं पडंल.