इलोनाबाईंचं रोजचं पान

...नाही, पण मी म्हणतो, मला काय पडलंय हो हंगेरीच्या शुद्धलेखनाचं? तुम्हाला सांगतो, चूक माझीच. दोन हजार वीस, लॉकडाऊन, मी आयर्लंडमधल्या नास गावात घरात एकटा, बायको मेधा पुण्यात अडकलेली, आणि शेजारी या इलोनाबाई, हंगेरीतल्या रिटायर्ड मास्तरीण, लेकीकडे आल्या त्या इथंच अडकल्या. कुंपणापाशी भेटल्या, निघताना आपण म्हणतो तसं मी म्हटलं, "काही लागलं तर सांगा." आता हे काय कुणी सांगावं म्हणून म्हणतात का? बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सांगितलं!

"मिस्टर दीनानाथ, आमच्याकडे एका 'य'ची दोन-दोन स्पेलिंगं, पोरं रडतात. मी नवी पद्धत केलीय, एक आवाज, एक अक्षर. भाषा न येणाऱ्यानं वाचून दाखवलं तर मी जिंकले. तुम्हाला येते हंगेरियन?"

"नाही."

"ग्रँड," म्हणाल्या. एवढं आयरिश बरोब्बर उचललं होतं.

झालं, रोज संध्याकाळी कुंपणाशी एक पान, मोठ्यांदा. मी वाचायचो, त्या मान डोलवायच्या, मला शब्द कळायचा नाही... मला काय पडलंय हंगेरीच्या शुद्धलेखनाचं?

जानेवारीत मला कोविड झाला. म्हटलं, सुटलो. कुठलं सुटतोय? खिडकीबाहेर भर पावसात खुर्ची टाकून बाई हजर. "पान?" बाई, ताप आहे हो! "मोठ्यांदा." मेधाला फोनवर म्हटलंसुद्धा, ही मास्तरीण मला मारणार. पाचव्या दिवशी एकच ओळ तीनदा तुटली, बाई ताडकन उठल्या. मला वाटलं, रागावल्या. त्या ॲम्ब्युलन्स बोलावत होत्या. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस काढला असतात तर अवघड होतं. बाई स्पेलिंग ऐकतच नव्हत्या हो, माझा श्वास ऐकत होत्या. मी रडलो, लपवत नाही. हे उपकार फिटायचे नाहीत.

आता बाई मायदेशी गेल्या, तिथल्या विद्वानांनी पद्धत नापास केली, पण मला पत्रं त्याच पद्धतीत. ती खडाखडा वाचणारी माणसं जगात दोनच, एक त्या, एक मी, आणि मला अजून हंगेरियन येत नाही. तरी रोज फोन लावतो आणि एक पान वाचतो. हंगेरीच्या शुद्धलेखनाचं मला नाही तर कुणाला पडणार?

परवा मेधा आली एकदाची. फोन घेतला, बाईंना तोंडभरून थँक्यू म्हणाली, आणि ठेवता ठेवता, मी हातवारे करतोय, नको म्हणतोय, तोवर म्हणालीच, "काही लागलं तर सांगा हं."

आता तिलाही रोज एक पान असतं.