लिंबाचे काटे

श्रीगोंद्याच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर मायलेकी नगरच्या गाडीची वाट बघत होत्या. लेकीच्या हातात मोबाईल होता.

"आई, कॉलेजच्या लायब्ररीच्या साइटवर नुसतं 'लिंबू' शोधलं, तर चारशे पुस्तकं आणि प्रबंध निघाले!"

"लिंबावर येवढं काय लिवलं?"

"खैऱ्या रोगावर आहे, बाजारावर आहे, सालीच्या तेलावर आहे. एकीनं तर दृष्ट काढायच्या लिंबावर पीएचडी केलीय."

"आन् लिंबं तोडनाऱ्या बायांवर?"

"थांब, बघते... एकही नाही गं."

"नीट बघ. बोटात काटा मोडला की रुईचा चीक लावून काढत्यात, त्ये?"

"तेही नाही. उद्या सरांना माझा विषय सांगायचाय. मी रोगावरचाच घेते."

"रोगावर लिवनारे लई हायेत. तू काट्यावर लिही. वीस वर्सं लिंबं तोडती मी, मला इचार."

"सर म्हणतील, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"ह्ये बोट बघ. पैल्या वर्साचा काटा हाय, चिकानंबी निघाला न्हाई. उद्या मीबी येती कालेजात. सरांना म्हनावं, पुस्तक संगं आनलंय."