त्या दिवसापुरतं

जबड्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या पोस्टमनकाकांच्या पाठीमागे दोघी बहिणी बोलत होत्या. धाकटी शिवणकाम करणारी. तिचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं, म्हणून शब्दही कसेबसे बाहेर पडत होते.

"दातांत टाचण्या धरायची सवय भोवली बघ तुला."

"टाचण्या मी केव्हापासूनच चुंबकावर ठेवते, ताई. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, दिवसभर दात आवळून बसता, त्यानं कानापुढचा सांधा दुखावलाय."

"मग उपाय काय?"

"शेक, मऊ जेवण, दातांवर बसवायची पट्टी. आणि ओठ मिटले तरी दात सुटे ठेवायचे. तेच जमत नाही."

"त्यात न जमण्यासारखं काय आहे?"

"त्यांनी विचारलं, कधीपासून आवळता? म्हटलं, आई गेली त्या दिवसापासून."

"काहीतरीच!"

"तूच म्हणालीस ना, बाबा खचतील, दात आवळून धर, पण रडू नकोस."

"अगं, ते त्या दिवसापुरतं गं! आता बाबांना जाऊनसुद्धा चार वर्षं झाली."

"मग तसं सांगायचंस ना, ताई."

मागं खुर्ची सरकली, ताईनं धाकटीला जवळ ओढलं. दारातून काकांचा नंबर पुकारला गेला.

"थांबा जरा," वळून न बघता काका हळूच म्हणाले, "आत्ता कोणालाच बोलवू नका."