केरबा लोहाराचा पाचवा सिलेंडर

पांडुरंगा, जीभ तुझी, शब्द तुझे; त्यात काही वाकडं निघालं तर ते तेवढं माझं. बोला मंडळी, मोठ्यानं बोला — विठ्ठल, विठ्ठल!

आता टाळ जरा खाली ठेवा. आज एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका! समजा, एका माणसानं एक वस्तू केली. वस्तू खोटी. पण ती खोटी आहे हे कुणाला ठाऊक? त्याला एकट्याला. ती त्यानं विकली. कुणाला? तेही ठाऊक नाही! घेणाऱ्याचं तोंड बघितलं नाही, आवाज ऐकला नाही. वस्तू खोक्यात गेली, खोकं गाडीत गेलं, गाडी निघून गेली. तर सांगा मला — ज्याचं तोंडच बघितलं नाही, त्याचं आपण काही लागतो का?

हल्ली काय, सगळं मोबाईलवर मिळतं. आमच्या घरी परवा पितळी समई मागवली. फोटोत गुडघ्याएवढी! आली ती एवढी — करंगळीएवढी! आमची ही म्हणाली, 'बुवा, ही लावायची कशी?' म्हटलं, 'लावायची नाही, कानात घालायची!'

हसा, हसून घ्या. पुढं हसायला फारशी जागा नाही.

कोल्हापूर! तिथं लेथ मशिनींची एक गल्ली. त्या गल्लीत केरबा लोहाराचं दुकान. वय पंचावन्न, अंगात खाकी शर्ट, नखांत काळं तेल — सणालासुद्धा न निघणारं. केरबाचं काम काय? गाड्यांचे जुने पार्ट घ्यायचे, उघडायचे, घासायचे, आतलं झिजलेलं बदलायचं आणि नव्यासारखे करून द्यायचे. रिकंडिशन म्हणतात त्याला. ज्या गाड्या कंपनीनं बनवायच्या बंद केल्या, त्यांचे नवे पार्ट मिळत नाहीत ना! मग अशांना केरबाचाच आधार.

आणि हात कसा? अहो, बोटानं चाचपून सांगायचा, कुठं केसभर झिजलंय ते! जुन्या दिवसांत गिऱ्हाईक समोर उभं असायचं. केरबा त्याच्या तोंडावर सांगायचा, 'हे तुझं मेलंय. याचं काही होणार नाही. भंगारात घाल.' गिऱ्हाईक चिडायचं, पण परत त्याच्याकडंच यायचं.

त्याची लेक प्रणोती. शिकलेली, हुशार. तिनं बापाचं दुकान मोबाईलवर मांडलं. फोटो काढले, खाली लिहिलं — 'प्रत्येक पार्ट स्वतः केरबा लोहार तपासतात.' झालं! ऑर्डरी सुरू झाल्या. लातूरहून, नंदुरबारहून, कुठून कुठून! केरबा हरखला. पण बरं का मंडळी, एक गोष्ट बदलली. समोर उभं राहणारं माणूस गेलं. राहिला फक्त कागदावरचा पत्ता.

एका गुरुवारी पाच गिऱ्हाइकांकडून पाच वेगवेगळ्या सिलेंडरची मागणी आली. ब्रेकचे मास्टर सिलेंडर. आता यातलं तुम्हाला काय ठाऊक, म्हणून सांगतो. आपण ब्रेकचं पॅडल दाबतो, तेव्हा या सिलेंडरच्या आत एक रबरी वायसर सरकतं आणि तेल पुढं रेटतं. त्या तेलाच्या जोरावर चारी चाकं थांबतात. म्हणून सिलेंडरची आतली भिंत कशी पाहिजे? काचेसारखी! तिथं खड्डा असला, तर वायसर हळूहळू कातरत जातं. आज ब्रेक लागतो, उद्या लागतो, आणि एक दिवस पॅडल खाली जातं — आणि गाडी थांबत नाही.

चार सिलेंडर झाले. पाचवा हातात घेतला. बोट आत घातलं — आणि बोट थांबलं. तळाशी खड्डा! गंजानं खाल्लेला, ज्वारीच्या दाण्याएवढा.

केरबा काय करायचा एरवी? भंगाराच्या पेटीत, धाडकन! पण त्या मॉडेलचा दुसरा सिलेंडर दुकानात नव्हता. ऑर्डर रद्द केली तर मोबाईलवर नाव खाली जाणार. आणि मन, मंडळी, मन फार गोड वकील आहे! ते म्हणालं, 'अरे केरबा, खड्डा अगदी तळाला आहे. वायसर तिथवर कधीतरीच जाणार. घास जरा.' केरबानं घासलं. नवं वायसर बसवलं. दाब लावून बघितला — टिकला! काळा रंग दिला. बाहेरून असा दिसला, की नव्यानं लाजावं!

प्रणोती खोकं घेऊन आली. तिनं रोजच्यासारखं विचारलं,

"आप्पा, तपासलाय न्हवं?"

केरबानं मान वर केली नाही. म्हणाला, "व्हय."

एवढंच! एक शब्द. त्या शब्दावर चिकटपट्टी लागली आणि खोकं गेलं.

पुढं चार-पाच दिवस गेले. केरबा जेवला, झोपला, कामाला आला. काही झालं नाही. आपल्यालाही असंच वाटतं ना? काही झालं नाही!

मंगळवार उजाडला. सकाळी अकराच्या सुमाराला प्रणोती मोबाईल बघताना हसली. म्हणाली, "आप्पा, ऐका, तुम्हाला कुणीतरी आशीर्वाद दिलाय." आणि तिनं वाचून दाखवलं —

'लोहारकाका, तुमचा सिलेंडर मिळाला. रविवारी गाडीला बसवला. आमची गाडी जुनी, पार्ट कुठंच मिळत नव्हता. मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी घाटाखालच्या गावांतले तीन पेशंट डायलिसिसला कोल्हापूरला आणते. माझे यजमान पण याच गाडीतून यायचे. ते गेले, पण गाडी मी बंद केली नाही. आता पुन्हा फेऱ्या सुरू होतील. देव तुमच्या हाताला यश देवो. — सुगंधा रावराणे, वैभववाडी.'

प्रणोती म्हणाली, "किती छान लिहिलंय!"

केरबानं हातातला पाना खाली ठेवला. कुणाचं होतं खोकं? पाचवं! वैभववाडीचा पत्ता त्याच एका खोक्यावर होता.

शिव्या दिल्या असत्या तर केरबानं सोसल्या असत्या हो! पण आशीर्वाद? खोट्या वस्तूवर मिळालेला आशीर्वाद कुठं ठेवायचा माणसानं?

"आज वार काय?" केरबानं विचारलं.

"मंगळवार. का?"

मंगळवार! म्हणजे सुगंधाबाई सकाळीच घाट चढून आली असणार. चढताना ब्रेकला काम नसतं. पण तिघांचं रक्त धुऊन झालं, की गाडी परत निघणार. गगनबावड्याहून घाट उतरणार. वळणावर वळण, डाव्या हाताला दरी — आणि पायाखाली केरबाचा सिलेंडर!

आता केरबासमोर एकच दार होतं, आणि त्या दारात त्याची लेक उभी होती.

"पोरी," तो म्हणाला, "त्यो सिलेंडर खराब हुता."

"म्हणजे?"

"आत खड्डा हुता. मला ठाव हुतं. तू इचारलंस, मी व्हय म्हणालो."

 मंडळी, जगापुढं कबूल होणं एक वेळ सोपं. पण जिला वाटतं, माझा बाप कधी खोटं बोलत नाही, तिच्यापुढं?

ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "बाईंचा नंबर ॲपवाली कंपनी देत नाही. मी मेसेज टाकते. दवाखान्यांत फोन लावते. तुम्ही निघा."

केरबानं मोटारसायकल काढली आणि गगनबावड्याच्या रस्त्याला लागला. ऊन डोक्यावर. कळे गाव गेलं, साळवण गेलं. वाटेत दर गाडीकडं वळून बघत होता. आणि आतून मन पुन्हा बोलायला लागलं! काय म्हणालं? 'केरबा, बाईला सांग — कंपनीनं सगळा माल परत मागवलाय. तुझं नाव कशाला घेतोस? गाडी थांबल्याशी मतलब!' बघा! चाललाय चांगलं करायला, तरी मन अंगावरची धूळ झटकायला बघतंय!

गगनबावड्याला पोचला. तिथून पुढं घाटाला दोन रस्ते फुटतात, म्हणून तो अलीकडंच उभा राहिला. प्रणोतीचा फोन आला. "आप्पा, दवाखाना सापडला. पण त्या निघून गेल्यात. पाऊण तास झाला."

केरबा रस्त्याच्या मधे येऊन उभा राहिला. एसटी गेली, ट्रक गेला. ट्रकवाल्यानं आईवरून शिवी दिली. आणि मग लांबून दिसली — जुनी पांढरी गाडी, सिंधुदुर्गची पाटी. केरबानं दोन्ही हात वर केले.

गाडी थांबली. अगदी झकास थांबली! सुगंधाबाईनं खिडकीतून डोकं काढलं. "काय ओ, मरायला उभे ऱ्हवलात काय मधे?"

"बाई, मी केरबा लोहार. तुमचा सिलेंडर मी पाठवलाय."

तिचा चेहरा उजळला. "अगो बाई! काका तुम्ही? हयसर कसे?"

त्या उजळलेल्या चेहऱ्यापुढं, मंडळी, केरबाला बोलायचं होतं. तोंडाशी काय आलं असेल? 'कंपनीनं...' हेच ना! पण केरबानं ते गिळलं.

"बाई, घाट उतरू नका. सिलेंडर खोटा हाय. मला म्हाईत असून मी पाठवला."

मागं तिघं बसलेले. डायलिसिस झालेलं माणूस कसं दिसतं, ज्यांच्या घरी आहे त्यांना विचारा. पिळून ठेवलेल्या कापडासारखं! त्यातले भिवा गुरव म्हणून आजोबा, डोळे मिटूनच म्हणाले, "चल गो सुगंधा. घरी जावन पडाचा आसा."

सुगंधाबाई म्हणाली, "ब्रेक चांगले लागतात. आता लागले ना?"

"गाडी चालू ठेवा," केरबा म्हणाला. "पॅडलवर पाय देऊन दाबून धरा. सोडू नका."

तिनं पाय दिला. पॅडल घट्ट! एक, दोन, तीन... दहापर्यंत मोजलं, तसंच. तिनं त्याच्याकडं रागानं बघितलं. "धरा," तो म्हणाला. आणि मग तिचा पाय हलला. तिनं हलवला नाही — तो खाली चालला. सावकाश, लोण्यात सुरी जावी तसा. जाता जाता पॅडल तळाला टेकलं.

 

सुगंधाबाईनं गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला. खाली उतरली, चाकाखाली दगड लावला. मग केरबासमोर येऊन उभी राहिली. मारेल असं वाटलं. मारलं नाही. म्हणाली,

"माझा माणूस आजारानं गेला. त्याला कुणाचा विलाज नव्हता. ह्या तिघांना तुम्ही घालवत होतात. कशासाठी?"

काय सांगणार? मोबाईलवरचं नाव खाली जाईल म्हणून?  

केरबानं घाट उतरणारी दुसरी जीप थांबवली. तिघांना तिच्यात बसवलं, भिवा आजोबांना हाताला धरून. आजोबांना सगळं नीट कळलंही नव्हतं. ते म्हणाले, "बरा झाला बाबा, तू भेटलंस." केरबाला ते चाबकासारखं लागलं.

प्रणोतीनं चार दिवस फोन करून साताऱ्याच्या एका जुन्या दुकानदाराकडून कोरा सिलेंडर शोधला. केरबा तो घेऊन स्वतः वैभववाडीला गेला. सुगंधाबाई म्हणाली, "तुमचा हात माझ्या गाडीला लागायचा नाही." गावच्या मिस्त्रीनं बसवला. केरबा अंगणात उन्हात उभा. तिनं पाणी दिलं. तो निघाला तेव्हा म्हणाली,

"तुम्ही आला नसतात, तर आम्ही कोणामुळं गेलो ते कुणालाच कळलं नसतं. तरी आलात. पण मी माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत," केरबा म्हणाला.

तुम्हाला वाटेल, केरबा आता हलका झाला असेल. नाही हो! घरी आला, तर प्रणोती विचारायची, "आप्पा, तपासलाय न्हवं?" आणि तो 'व्हय' म्हणाला, की ती स्वतः बोट आत घालून बघायची. वर्षभर! केरबा तिला बॅटरी धरून उजेड द्यायचा.

तर मंडळी, ज्याचं तोंड बघितलं नाही त्याचं आपण काय लागतो? केरबाला उत्तर मिळालं भर दुपारी, रस्त्यात हात वर करून! आता तुमचं बघू. इथं दूधवाले बसलेत, मास्तर बसलेत, औषधाचे दुकानदार बसलेत, न बघता सही करणारे साहेब बसलेत. आणि 'हो, तपासलंय' असं न तपासता सांगणारा हा बुवाही उभा आहे! आठवा — कुणाकडं काय पाठवलंय? तो अजून घाट उतरला नसेल. पण कदाचित उतरायलाही लागला असेल.

मृदंगबुवा, हात थांबवा. पेटी बंद ठेवा. मी पाच मिनिटं डोळे मिटतो. ज्याला कुणाला फोन लावायचाय, त्यानं मंडपामागं जाऊन लावावा. बाकीच्यांनीही डोळे मिटा, मंडळी. कोण उठलं ते बघू नका.

जा. जा बाबा, मी थांबलोय.