कोरा पट्टा

(साल चौसष्ट. सानपाड्याच्या पुढे रस्त्याकडेचं जुनं जांभूळ. रस्ता रुंद करायचा म्हणून ते पाडायचं ठरलं आहे. झाडाखाली ठेकेदाराचा मुकादम गोटीराम आणि त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा तुळशीराम. कुऱ्हाड, कोयता जमिनीवर तसेच पडलेले.)

गोटीराम : पुन्हा तेच! भावजी, सकाळपासून घसा फोडून सांगतोय. कमरेला बांधायचा पट्टा पेटीत हाय, पेटीला कुलूप हाय.

तुळशीराम : मंग झाड पन राहूदे उभं. मना घाई नाय.

गोटीराम : तुमाला नाय, मला हाय. शेठची जीप येईल आता. वरच्या दोन फांद्या तरी खाली दिसल्या पायजेत. नायतर खालीपिली माझ्या नावानं शंख करील.

तुळशीराम : करूदे. शंख केल्यानं कोनाची कंबर मोडत नाय.

गोटीराम : अहो, इतकी वर्षं ताडावर चढलाव ना? तवा कुठं होता पट्टा?

तुळशीराम : ताडाला फांद्या असतात का रे? ताडाव चढायचं, ताडी काढायची, उतरायचं. हितं ज्या झाडाव उभं ऱ्हायचं त्यालाच कापायचं. नि त्यात हे जांभूळ. वडाची फांदी आधी करकरते, मानसाला सावध करते. जांभळाची सरळ तुटते. चढता येतं म्हंजे तोडता येतं, असं तुला कोनी शिकवलं?

गोटीराम : मला कोन शिकवनार? शेठ बोलला, ताडावर चढनारी मानसं आन. आनली.

तुळशीराम : आनि शेठनी तुला मुकादम केला.

गोटीराम : केला ना! मग ऐका की माझं. चारचौघांत माझी आर्डर तुमीच मोडलीत तर बाकीचे कशाला जुमानतील?

तुळशीराम : दसऱ्याला त्या पट्ट्याला झेंडूची माळ घातली व्हती तुमी. हळद, कुंकू, नारळ. माज्या कोयत्याला पन येवढा मान नाय मिळाला. मी पन पाया पडलो. आता देवच झाला तो, कमरंला कसा बांदायचा!

गोटीराम : मस्करी नको हां, भावजी. मुंबईसनं आनलाय तो. तपासनीला सरकारी साहेब येतात, त्यांना दाखवायला कोरा लागतो. घाम, चीक, काय पन लागलं का शेठ बोंबलतो.

तुळशीराम : म्हंजे मानूस मेला तरी चालंल, पट्टा मळायला नको.

गोटीराम : असं कोन बोललं? कायदा हाय, मालकानं पट्टा द्यायचा. शेठनी दिला.

तुळशीराम : कोनाला दिला? पेटीला?

गोटीराम : तुमाला काय सांगायचं आता! डोकं फिरवताव नुसतं.

तुळशीराम : आपल्यातला नामा झाडावरनं पडला तवा पन तू हेच बोललास. पट्टा दिला व्हता, ह्यानंच घातला नाय. साहेबानं मान हलवली नि गेला. नामाला एक पै मिळाली नाय.

गोटीराम : शेठ शेजारी उभा होता. काय बोलनार होतो मी?

तुळशीराम : नामाच्या दारावरून येतो मी रोज. खाटंवर बसून जाळी विनतो. पाय लाकडासारका पडलाय. मना बघून हसतो. त्याचं हसनं मना सोसत नाय, गोट्या. मी त्या खाटंवर बसनार नाय.

गोजरा (तुळशीरामची बायको, जेवण घेऊन येते) : रस्त्यापत्तूर आवाज येतोय तुमचा! जेवन आनलंय. आनि दोघं पन अजून खालीच?

गोटीराम : ताई, बरी आलीस. तू तरी सांग भावजींना.

गोजरा : काय सांगू? चढा नि पडा?

गोटीराम : आज नाय चढले तर शेठ उद्यापासून दुसरी मानसं आनील. मग चूल कशी पेटेल तुझी?

गोजरा : चुलीचं मी बघीन. तू सांग, पट्टा का देत नाय?

गोटीराम : पेटीला कुलूप हाय!

गोजरा : बरं. मंग मी हितंच बसते. हे पडले तर मना बोलवायला घरी कोनाला धाडू नको.

गोटीराम : ताई, असं अभद्र बोलू नको.

गोजरा : बोलू नको तर काय करू? तुज्या शेठला ओवाळू?

गोटीराम : ...किल्ली हाय माझ्याकडे.

तुळशीराम : काय?

गोटीराम : करगोट्याला बांधलीय. सकाळपासून. बघू नका असं माझ्याकडे, काढतो मी पट्टा. घ्या. लावा एकदाचा.

तुळशीराम : लावतो. पन हे बघ. शेवटच्या भोकात पन ढिला. आत दोन तुळशीराम मावतील.

गोटीराम : असं कसं? साहेबांनी शिकवलं तवा तर चपखल बसला होता.

तुळशीराम : साहेबाच्या कमरंला बसला! ते पोट बघितलंस का? जमिनीव उभा ऱ्हायला, सोताला लावून दाखवला, चा पिऊन गेला. ह्याला म्हंतात शिकवनं. आमच्यातल्या एकाला तरी घालून बघितला?

गोजरा : वरनं दोरीनं आवळा.

तुळशीराम : दोरी सरकंल. पाय निसटला का पट्टा काखंतनं वर नि मी खाली. भोक पाडाया पायजे.

गोटीराम : भोक? कोऱ्या पट्ट्याला? वेड लागलंय का? मुकादमकी जाईल माझी! आई गावभर सांगत फिरते, माझा गोटीराम मुकादम झाला म्हनून. तिला काय तोंड दाखवू?

गोजरा : आई माजी पन हाय. हे पडले तर तिला तूच जाऊन सांग. जावय गेला, पन पट्टा कोरा ऱ्हायला.

गोटीराम : गप गं, ताई.

गोजरा : नाय गप बसनार.

गोटीराम : तो खिळा आन. तो नको, जाडा आन. आनि तो दगड दे इकडं.

तुळशीराम : गोट्या, धुरळा दिसतोय. जीप आली वाटतं.

गोटीराम : दिसला मला. ताई, पट्टा घट्ट धर. हलवू नको.

गोजरा : सगळ्यांदेखत बोलतील रे तुला.

गोटीराम : बोलूदे. झालं. भावजी, पुढं या. आनि ऐका, पट्ट्याचा हा गळ खोडाला अडकवा. जी फांदी तोडायची तिला नाय.

तुळशीराम : येवढं कळतं मना. आवळ तू.

गोटीराम : पोट आत ओढू नका. वर गेल्यावर श्वास घ्यायचाय तुमाला.