शुक्रवारचे तास

(तलावाकाठचं आरोग्य केंद्र. दुपारची ओपीडी आटोपली आहे. डॉक्टर मेघा आणि परिचर आनंदाबाई.)

मेघा : ...आणि वहीच्या सातव्या पानावर शाई बदलली आहे. वर निळी, मधल्या ओळीपासून हिरवी.

आनंदाबाई : निळा पेन तलावात पडला नाई का, मॅडम. डोंग्यातून कमळ पाह्यला वाकल्या तुम्ही, अन् खिशातून गेला. लशीचा डबा मी धरून होती, नाईतर तोही गेला असता.

मेघा : कमळ नाही, मी पाण्याची खोली बघत होते.

आनंदाबाई : डोंगेवाला आसाराम अजून हसते. म्हणते, डॉक्टरीनबाई पेन टाकून खोली मोजते.

मेघा : ही वही मी आठ दिवस शोधत होते, आनंदाबाई.

आनंदाबाई : कपाटामागं पडली होती.

मेघा : कपाट भिंतीत आहे.

आनंदाबाई : वाचा ना पुढं.

मेघा : ‘शुक्रवार. डबा निघाला सात पस्तीस. ढिवरटोलीत मोहाखाली नऊ लेकरं. डबा परत तीन चाळीस. बर्फ शिल्लक.’ असे एकतीस शुक्रवार. प्रत्येक ओळीला माझी सही.

आनंदाबाई : लस गरम झाली का खराब होते, तुम्हीच सांगतलं. म्हणून वेळ लिवत होती. डब्यासाठी, तुमच्यासाठी नाई.

मेघा : जिल्ह्याच्या पत्रात हेच एकतीस दिवस मी गैरहजर आहे.

आनंदाबाई : काहून? दिवसभर तर माह्यासंग बसून राहत होत्या.

मेघा : अंगठ्याची मशीन ऑफिसात. ऑफिस उघडतं नऊला, आपण निघायचो साडेसातला. परत आल्यावर एकच अंगठा. दोन अंगठ्यांमधले तास मोजतात. एका अंगठ्याचे शून्य.

आनंदाबाई : म्हणजे डबा हजर अन् डॉक्टर गैरहजर.

मेघा : मोठे डॉक्टर म्हणाले होते, ही वही सापडली तर सही करून पाठवतो. मग खेड्यातल्या सक्तीच्या सेवेचं, बाँडचं वर्ष पूर्ण धरतील आणि मला पुढे शिकायला सोडतील.

आनंदाबाई : अन् सोमवारी नागपूरले तुमची सीट. लेकरांच्या डॉक्टरीची.

मेघा : तुम्हाला कोणी सांगितलं?

आनंदाबाई : महिना झाला, तुमच्या टेबलावर कागद पडून आहे. रोज टेबल मीच पुसतो. वही मीच घरी नेली होती. धानाच्या ढोलीत ठेवली. सोमवार गेला का आणतो म्हटलं.

मेघा : मग आज काहून आणली?

आनंदाबाई : आता ‘काहून’ म्हणता. आल्या तवा ‘का बरं’ म्हणत होत्या.

मेघा : सांगा ना.

आनंदाबाई : चौथं पान पाहा. ढिवरटोलीच्या रंभाबाईची नातीन. डोक्यात ताप चढला होता, अन् तुम्ही म्हणाल्या, इथं लेकरांचा डॉक्टर पाह्यजे होता. नागपूरले नेतानी तीन तास गेले. पोरगी वाचली, एक कान गेला. काल ते पान वाचलं, मग वही ढोलीत ठेवणं झालं नाई.

मेघा : महिनाभर सगळ्यांना सांगत होते, तास भरले की बघू. भरत नव्हते, म्हणून मलाही बरंच वाटत होतं.

आनंदाबाई : आता भरले.

मेघा : हो.

आनंदाबाई : आसाराम इचारून राहिला, पुढच्या शुक्रवारी डोंगा आणू का म्हणून. काय सांगू त्याले?

मेघा : आणायला सांगा. सिस्टरला सोबत घ्या, डबा सात पस्तीसलाच निघू दे. मी नसेन. मी नागपूरला जाते, आनंदाबाई.