मासा खालून बघतो

…आणि वर बायको मलाच विचारते, "माझ्या पावडरच्या ब्रशचे केस कोणी कापले?" आता घरात माणसं दोन, ब्रश तिचा, म्हणजे कापणारा कोण उरला ते तिला पक्कं ठाऊक, तरी विचारते. तुम्हाला सांगतो, ते केस इतके मऊ होते की पंखांसाठी दुसरं काही नजरेत भरेचना. पंख माशीचे. माशी म्हणजे खोटी माशी हो. इवल्याशा गळाला दोरा गुंडाळायचा, पिसं बांधायची, केस बांधायचे आणि पाण्यावर अशी सोडायची की ट्राउट माशाला वाटावं, चला, नाश्ता आला. लोक म्हणतात, एका माशासाठी एवढी मरमर? अहो, मासा काय, मासा बाजारातही मिळतो.

मला मुलगी हवी होती.

थांबा, नीट सांगतो. आमची मुलगी नोकरीसाठी लांब गेली. लांब म्हणजे किती, तर आमचा सकाळचा चहा होतो तेव्हा ती झोपायला निघालेली असते. लहानपणापासून नदीवर माझ्याबरोबर यायची, माशा माझ्याशेजारी बसून बांधायची, आणि माझ्यापेक्षा बऱ्या बांधायची, हे मी तिच्यासमोर कधी बोललो नाही, तुम्हीही बोलू नका. निघायच्या दिवशी मी विचारलं, "परत कधी येशील?" तर बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाली, "बाबा, पुलाखालच्या म्हाताऱ्याला पकड. पण माशी तुझ्या डोक्यातली पाहिजे, पुस्तकातली नाही. पकडलास की त्याच दिवशी तिकीट काढते." ती गंमत करत होती. मी करत नव्हतो. आता यात माझं काय चुकलं, सांगा?

म्हातारा म्हणजे पुलाच्या सावलीत बसलेला एक भलामोठा ट्राउट. मी दातांचा डॉक्टर. दिवसभर अख्खं गाव माझ्यासमोर आ करून बसतं, आणि हा एकटा तोंड उघडत नाही. नवी माशी टाकली की वर येतो, बघतो, आणि असा सावकाश खाली जातो, की वाटावं दुकानात भाव विचारून गेला.

बांधून तरी किती बांधाव्यात? दवाखान्यातल्या बारीक चिमट्यांनी बांधल्या, जेवणाच्या टेबलावर बांधल्या, वरणात एक पीस पडलं तेव्हा गॅलरीत हाकललं गेलो, तिथे बांधल्या. आमचा एक मित्र आहे, चष्मेवाला, त्याला दाखवायला जावं तर तो भिंग डोळ्याला लावून नाकातून बोलतो, "हंऽऽ, ही जुनीच आहे रे, शेपटी तेवढी बदललीस." मग मी शेपटी काढली, तुरा लावला. "तुरा छान आहे. पण मासा घाबरेल." अरे, तू चष्मे विक ना. बायको म्हणायची, सोडा आता, मासा काय, बाजारातही मिळतो, मी आणून देते. तिला वाटायचं मला मासा हवाय.

मग एका रविवारी मुलगी फोनवर सहज बोलून गेली, "बाबा, तू माशी वरून बघतोस. मासा खालून बघतो." झालं. मी दोन खुर्च्या जवळ ओढल्या, मध्ये काचेचं मोठं भांडं ठेवलं, त्यात पाणी, पाण्यावर माशी, आणि खाली फरशीवर मी उताणा. तेवढ्यात बायको आली. "अहो, काय झालं? चक्कर आली का?" म्हटलं, "गप्प. मी मासा आहे." ती माझे पाय ओलांडून फ्रीजकडे गेली.

पण काय सांगू तुम्हाला, खालून ती माशी म्हणजे निव्वळ पाण्यात पडलेला झाडू. सगळा थाट वरच्या अंगाला, आणि माशाला दिसणार काय, तर पोट. मग पंख गेले, तुरा गेला, उरलं पोट. पोटाला करडी, जरा मळकट, विस्कटलेली लोकर हवी होती, आणि ती मिळेना. एवढं बडबडलो तेव्हा बायको उठली, मुलीच्या कपाटातून तिचा जुना स्वेटर घेऊन आली, कोपराशी उसवलेला. त्या कपाटाला बायको मला हात लावू देत नाही. स्वतःच कात्री पुढे केली आणि म्हणाली, "थोडंच घ्या." तेव्हा मला कळलं की फरशीवर उताणं पडायचं तेवढं बाकी होतं तिचं, बाकी तिचीही गत माझ्यासारखीच.

आणि लागला हो. म्हातारा लागला. वर आला, बघितलं, आणि कुठलीही कुरकुर न करता आ केला. फोटो काढला, तो घाईत हलला. गळ सोडवला, त्याला पाण्यात सोडलं, मासा काय, मासा बाजारातही मिळतो, आणि पळत घरी आलो.

फोनवर मुलगी किंचाळलीच. "बाबा, खरंच? माशी दाखव." मी दाखवली. ती बघत राहिली. "हा रंग… माझा स्वेटर?" मी हो म्हटलं. बायको तर पदराने फोनच पुसायला लागली. मग पोरगी म्हणाली, "बाबा, मला चार बांधून पाठव ना. इथे घराजवळच्या नदीत अस्साच एक म्हातारा बसलाय, कशाला म्हणून तोंड लावत नाही." म्हटलं, "आणि तिकीट?" "अगं बाई, तिकीट… बाबा, या वर्षी सुट्टीचं जरा कठीणच आहे रे."

फोन ठेवल्यावर बायको हळूच म्हणाली, "दोरा सैल बांधा. मासा लागला नाही की कंटाळून येईल." पटलं मला. पहिली सैल बांधली. बघवेना. उसवली, घट्ट बांधली. दुसरीही तशीच. आणि जिने सैल बांधा म्हटलं, तीच चष्मा लावून शेजारी बसली. "हिची लोकर एका बाजूला जास्त झालीय. परत करा."

चारही झाल्यात. अशा फर्मास झाल्यात की तिकडचा म्हातारा पहिल्याच दिवशी लागणार बघा… मग ती कशाला येतेय इकडे.